सगळे शालिनीलाच सांगतात

कॉलेजच्या गौरव अंकासाठी मी शालिनी नगराळेवर दोन पानं लिहून दिली आहेत. त्यात तिचा व्यासंग आहे, साधी राहणी आहे, विद्यार्थिनींवरची माया आहे आणि शेवटी निरोगी दीर्घायुष्याची सदिच्छा आहे. प्राचार्यांना ती पानं फार आवडली. अशी पानं कुणावरही लिहिता येतात, नाव तेवढं बदलायचं. आता जे लिहिते आहे ते त्या अंकात जाण्यासारखं नाही. तीस वर्षं मी या बाईचा मनापासून हेवा केला, आणि तो बाजूला ठेवून तिच्याबद्दल लिहायला बसलं तर माझ्याजवळ त्या दोन पानांपलीकडे काही निघतच नाही.

दिग्रसच्या आमच्या कॉलेजात, गृहअर्थशास्त्र विभागात, आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. विषयही एकच, बालविकास आणि कुटुंब. मी तिच्यापेक्षा पंधरा दिवस आधी रुजू झाले होते, आणि ते पंधरा दिवस मी नोकरीभर पुरवून पुरवून वापरले. विभागप्रमुखाची खुर्ची मला मिळाली, हजेरीपटावर माझं नाव वर राहिलं, तपासणी समिती आली की पहिला नमस्कार मी करायची. शालिनीला यातल्या कशाचंच काही वाटत नसे. तिला थोडं तरी वाटावं म्हणून मी बरेच प्रयत्न केले, हेही कबूल करते.

मी यवतमाळची. आजोबा कचेरीत, वडील जिल्हा परिषदेत, काका वकील. आमच्या तीन पिढ्या टेबलाशी बसून गेल्या. शालिनी बाभुळगावजवळच्या एका खेड्यातली. आजोबांच्या वेळेपासून घर बौद्ध, वडील रस्त्याच्या कामावर मुकादम. सहा भावंडांत ही थोरली, म्हणजे पोरं सांभाळण्याचं तिचं शिक्षण माझ्या बरंच आधी सुरू झालेलं. ती माझ्या माहेरी पहिल्यांदा आली तेव्हा आईनं तिचं आडनाव दोनदा विचारलं. शालिनीनं दोन्ही वेळा सारख्याच खुशीनं सांगितलं आणि आईच्या पुढ्यातली मेथीची जुडी ओढून घेऊन निवडायला बसली. अर्ध्या तासानं मी चहा घेऊन बाहेर आले तर आई तिला माझ्या आधी झालेल्या बाळाबद्दल सांगत होती. मला एक मोठा भाऊ होता आणि तो अकरा दिवसांचा होऊन गेला, हे मला त्या दिवशी हातात ट्रे घेऊन उभी असताना कळलं. माझी आई, माझा भाऊ, आणि बातमी मिळाली कुणाला, तर घरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या बाईला. माझ्या हेव्याची सुरुवात त्या ट्रेपासून झाली.

परतताना रस्त्यात मी आईबद्दल चिडचिड केली, तर शालिनी म्हणाली, "तू कवा तिच्याजोळ भाजी निवडाले बसली व? तू तं तिले प्रश्न इचारतं."

हीच तिची पद्धत होती. आम्ही सगळे संशोधन करायला निघालो की प्रश्नावली छापून घ्यायचो, पॅड घ्यायचो, दोन पेनं घ्यायचो. शालिनी रिकाम्या हातानं जायची आणि ज्या घरी जाईल त्या घरचं काम हातात घ्यायची. शेंगा फोडायच्या असोत, गोधडीला टाके घालायचे असोत, अंगण सारवायचं असो. मुलाबद्दल एक अक्षर विचारायची नाही. म्हणायची, "पोराबद्दल इचारलं का माय परीक्षेले बसते. मंग ते खरं नाई सांगत, पास होयाचं सांगते. कामाचं बोला. पोरगं आपोआप येते त्याच्यात." आणि खरंच यायचं. बाई कापूस वेचायचं बोलता बोलता काठावर झोपवलेल्या मुलीवर यायची, तिथून सासूवर, तिथून स्वतःच्या आईवर. शालिनी घरी परतली की वह्यांमध्ये सगळं लिहून काढायची. बाईच्याच शब्दांत, तिचंच बोलणं. काय लिहिणार ते आधी त्या बाईला सांगून यायची, आणि बाई नको म्हणाली तर लिहायची नाही. अशा नाही म्हटलेल्या गोष्टी तिच्या डोक्यात किती असतील कोण जाणे.

तिच्या बोलण्याबद्दलही सांगायला हवं. आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका बोलतात तशी ती "मी येतो, मी करतो" असं बोलायची, वर्गात, स्टाफरूममध्ये, विद्यापीठातल्या साहेबांसमोर, सगळीकडे. तिला पुस्तकी मराठी येत नव्हती असं नाही. तिचं लिखाण वाचलं तर थक्क व्हायला होतं. पण तोंडानं ती कधी बदलली नाही. मी खेड्यात गेले की बायका डोक्यावरचा पदर नीट करायच्या आणि खुर्ची शोधायच्या. ती गेली की म्हणायच्या, "ये व, बस."

मुलांशी मात्र तिची वेगळी तऱ्हा होती. तिच्या पिशवीत बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात नाना तऱ्हेची बटणं आणि सुईदोरा. खेड्यातल्या मुलांच्या सदऱ्याला बटणं कधी पुरी नसतात. ही मुलाला समोर उभं करायची आणि सदरा अंगात असतानाच बटण लावायची. सुई छातीशी असली की मूल हलत नाही, आणि पळूनही जात नाही. तेवढ्या दोन मिनिटांत ते काय काय सांगून टाकायचं. हे मुलांपुरतंच होतं असंही नाही. एकदा समितीच्या भेटीच्या दिवशी आमच्या तेव्हाच्या प्राचार्यांचं बाहीचं बटण तुटलं. फार करडा माणूस. त्यांच्या केबिनमध्ये जाताना आम्ही घाम पुसून जायचो. शालिनीनं त्यांना खिडकीपाशी उभं केलं आणि सुई ओवली. मी फाइल घेऊन दारात थांबले होते. प्राचार्य सांगत होते की लहानपणी ते तोतरे बोलायचे, आणि वडील पाहुण्यांसमोर मुद्दाम कविता म्हणायला लावायचे. शालिनीनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "झालं सर." त्यानंतर त्या गृहस्थांनी तिची एकही रजा अडवली नाही. मी विभागप्रमुख असून माझ्या दोन रजा अडवल्या होत्या.

झरी जामणी तालुक्यातली गोष्ट मात्र हसून सांगण्यासारखी नाही. माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. विषय मातांचं बालसंगोपन. बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली मी पुण्यातल्या एका नामांकित बाईंच्या प्रश्नावलीवरून बेतली होती. शालिनी सोबतीला आली. जंगलातल्या एका कोलाम पोडावर, म्हणजे आठ-दहा घरांच्या आदिवासी वस्तीवर, आम्ही उतरलो. दिवस मोहफुलांचे होते, अंगणाअंगणांत फुलं वाळत घातलेली. लच्छूबाई नावाची एक तरुण बाई फुलं उलथीपालथी करत होती आणि वर्षाचं पोरगं फडक्यानं पाठीशी बांधलेलं. मी पॅड काढलं. सतरावा प्रश्न होता, आपण आपल्या अपत्यास दररोज किती तास देता?

लच्छूबाईला प्रश्न कळला नाही. "देतो म्हंजे?"

मी समजावलं, "म्हणजे मुलासाठी किती वेळ काढता?"

"पोरगं तं माह्या अंगावरच हाय," ती म्हणाली. "याले आजून काय देऊ?"

मी आणखी समजावलं. मला पद्धतशीर काम करायचं होतं ना. "तसं नाही हो. दुसरं काहीही काम न करता, फक्त त्याच्यासाठी बसून राहायचं, असा वेळ."

तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "तसं नाई बसत कोनी."

मी चौकोनात शून्य लिहिलं. त्या पोडावर मी नऊ बायकांच्या नावापुढे नऊ शून्यं लिहिली. तेवढ्या वेळात शालिनी लच्छूबाईचं पोरगं स्वतःच्या पाठीशी बांधून फुलं गोळा करत होती, आणि लच्छूबाई हात मोकळे झाले म्हणून खदखदून हसत होती. परतीच्या गाडीत शालिनी म्हणाली, "सतरावा प्रश्न काढून टाक व." मी विचारलं, का? ती म्हणाली, "तिनं दिवसभर पोरगं पाठीवर वागवलं, अन् तू शून्य लिवून आली." पांढरकवडा येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तिचं खरं आहे हे मला पहिल्या वळणावरच कळलं होतं. पण सतरावा प्रश्न काढला असता तर तो तिच्यामुळे काढला असं झालं असतं. म्हणून तो राहिला, शून्यं राहिली, आणि आदिवासी माता अपत्यांना वेळ देत नाहीत असा निष्कर्ष असलेल्या प्रबंधावर मला डॉक्टरेट मिळाली. दारावर पाटी लागली. लच्छूबाईला हे कुणी सांगितलं नाही हेच नशीब.

शालिनीची डॉक्टरेट माझ्यानंतर सहा वर्षांनी झाली, कारण तिला घाई नव्हती. नागपूरच्या एका चर्चासत्रात आम्ही दोघींनी निबंध वाचले. माझ्या निबंधात अकरा तक्ते होते. मी खाली उतरले तेव्हा अध्यक्षांनी घड्याळ पाहून पुढचं नाव पुकारलं. शालिनीनं फक्त एका मुलीबद्दल वाचलं. नऊ वर्षांची मुलगी, आई सोयाबीन सोंगायला गेली की धाकट्या दोघांना सांभाळते, आणि शाळेतल्या बाई विचारतात तू गैरहजर का, तर सांगते की मी हजर होते, घरी होते. तिचं वाचून झाल्यावर अध्यक्ष चहाची वेळ जाहीर करायलाच विसरले. चहाच्या वेळी ज्या बाईंच्या प्रश्नावलीवरून मी माझी प्रश्नावली बेतली होती त्या पुण्याच्या बाई कपबशी सांभाळत आमच्याकडे आल्या. मी पुढं झाले, ओळख करून द्यायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "नगराळे तुम्हीच ना?" आणि शालिनीचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "किती भाग्यवान आहात, अशी सहकारी मिळाली!" मी हो म्हणाले आणि हातातला समोसा बशीत ठेवून दिला.

हे सगळं मी पचवलं असतं. माणूस नोकरीत पुष्कळ पचवतो. पण मग ईशा मध्ये आली.

ईशा माझी एकुलती एक मुलगी. शालिनीनं लग्न केलं नाही, तिला मूल नाही. लोक मागं कुजबुजायचे की या बाईला मुलांतलं काय कळणार, आणि सांगायला लाज वाटते, ही कुजबुज ऐकून मला बरं वाटायचं. निदान या एका बाबतीत मी तिच्या पुढे होते. ती आमच्या मागच्या गल्लीत राहायची. ईशा लहानपणापासून तिच्याकडे जायची, तिला मावशी म्हणायची. अकरावीला तिला मी विज्ञान शाखा घेऊन दिली, म्हणजे तिनं घेतली असं मी सगळ्यांना सांगायची. मेडिकलच्या तयारीचा क्लास लावला. रोज दुपारी चारला दप्तर घेऊन ती निघायची, सातला यायची. जेवायची, झोपायची. काय झालं, कसं झालं, विचारलं की "ठीक." अशा वयात असं होतं, हे मीच दरवर्षी बी.ए.च्या मुलींना शिकवत होते, म्हणून मी निश्चिंत होते.

मग एके दिवशी बाजारात क्लासचे सर भेटले आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, ईशाची तब्येत कशी आहे आता?"

दोन महिने ती क्लासला गेलेलीच नव्हती. चार ते सात ती शालिनीच्या घरी बसायची. हे कळल्यावर मी भाजीची पिशवी तशीच घेऊन शालिनीच्या दारात गेले. ती स्वयंपाकघरात होती. मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. तुला स्वतःचं नाही म्हणून माझं घेतेस का, इथपर्यंत बोलले. शेवटी म्हणाले, "माझ्या मुलीवर काम चालवलंस ना तू? काय लिहून ठेवलंस तिच्याबद्दल? दाखव वह्या."

शालिनीनं हात पुसले. म्हणाली, "तुले सांगाले पाह्यजे होतं. माही चूक झाली. ईशा म्हने, मावशी, इतक्यात नोको सांगू. तं मी थांबली." मग कपाट उघडून सगळ्या वह्या काढून पलंगावर ठेवल्या. "पाह्यजे तेवढ्या पाह्य."

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर वह्यांना हात न लावता निघून गेली असती. मी बसले आणि चाळल्या. तासभर चाळल्या. घाटंजीची पोरं होती, आर्णीची होती, लच्छूबाईचं पाठीवरचं पोरगं होतं, ते आता दहावी नापास होऊन वनविभागाच्या कामावर जातं हेसुद्धा होतं. ईशा कुठंच नव्हती. एका ओळीतही नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला त्याचाही राग आला, की सगळ्या जिल्ह्याची पोरं हिच्या वहीत आहेत आणि माझीच पोर लिहिण्याजोगी नाही वाटली का!

ईशाला मी त्या घराची पायरी चढायची बंदी केली. क्लासही बंद झाला. ईशानं एका शब्दानं वाद घातला नाही, आणि नंतर कशावरच बोलली नाही. पाणी हवं का, हो. उद्या सुट्टी आहे का, नाही. आठ महिने आमच्या घरात असं चाललं. यजमान म्हणायचे, परीक्षेचा ताण असेल. बालविकासाची डॉक्टर मी, आणि माझ्या समोर बसून जेवणाऱ्या मुलीच्या मनात काय आहे ते मला कळत नव्हतं. कॉलेजात शालिनीशी मी कामापुरतं बोलायची. तिच्याकडे पाहिलं की एकच विचार यायचा, हिला माहीत आहे. माझ्या मुलीचं काय बिनसलंय ते हिला माहीत आहे आणि मला नाही.

जानेवारीत एका रविवारी सकाळी शालिनी दारात आली. हातात पिशवीभर तुरीच्या ओल्या शेंगा. आत आली नाही. "भावाच्या वावरातल्या आहेत. सोले काढजो. एकटीनं बसू नोको, नखं दुखतात," म्हणाली आणि चपला न काढताच परत गेली.

मला तिचा डाव लगेच कळला. इतका संताप आला की पिशवी मी ओट्याखाली सारून दिली. मला, विभागप्रमुखाला, ही आता माझ्याच घरात कसं बसायचं ते शिकवणार! पण दुसऱ्या दिवशी शेंगा मलूल व्हायला लागल्या. ओल्या शेंगा थांबत नाहीत. संध्याकाळी मी परात घेऊन जमिनीवर बसले आणि सोलायला लागले. थोड्या वेळानं ईशा आली आणि समोर बसली. मी काही विचारलं नाही. विचारायचं इतकं जिभेवर होतं की दात आवळून बसले होते. सोल्यांचा, म्हणजे त्या ओल्या दाण्यांचा, वरण-भात करायचा की कचोऱ्या, असं काहीबाही बोलले. अर्धी पिशवी झाली.

ईशानं मान वर न करता म्हटलं, "आई, तू वर्गात माझं सांगतेस ना, ते मला आवडत नाही."

"काय सांगते?"

"सगळंच. मी कधी चालायला लागले. सातव्या वर्षापर्यंत अंथरूण ओलं करायची ते. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी काय बोलले ते. तुझ्या मुली रस्त्यात मला बघून हसतात. क्लासमधल्या दोघींच्या बहिणी तुझ्याच वर्गात आहेत." एक शेंग तिनं दोनदा सोलली, रिकामी होती तरी. "म्हणून मी क्लासला जात नव्हते. डॉक्टर तर मला व्हायचंच नव्हतं, ते वेगळं. मावशीकडे जायची कारण ती कुणाला सांगत नाही."

सतरा वर्षं मी माझ्या मुलीचं उदाहरण देऊन शिकवत होते. वर्गात कंटाळा आला की, "आमच्या ईशाचंच बघा," म्हटलं की मुली सावरून बसायच्या. मी लोकप्रिय शिक्षिका होते ती अशी. एका निबंधातसुद्धा तिला 'बालिका अ' करून घातलं होतं. आणि वह्या तपासायला मी गेले होते दुसऱ्याच्या घरी. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी तिथं, सोल्यांच्या परातीपाशी, रडले. ईशा घाबरली. मग तीही रडली. नंतर आम्ही दोघींनी उरलेल्या शेंगा सोलल्या, कारण त्या सोलायच्याच होत्या.

असं झाल्यावर माझा हेवा संपला असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. मुळीच नाही. पोर मला परत मिळाली, पण ती शालिनीच्या पिशवीतून मिळाली, हे मला कुठंतरी टोचत राहिलं. मी तिची माफी मागितली नाही. कढी-कचोऱ्यांचा डबा नेऊन दिला आणि म्हटलं, शेंगा चांगल्या होत्या. ती म्हणाली, "हाव, औंदा चांगल्या भरल्या." विषय तिथं मिटला. वर्गात ईशाचं नाव मी पुन्हा घेतलं नाही, आणि माझी शिकवण्याची रंगत गेली ती गेलीच. मुली शालिनीच्या तासाला आधीपेक्षा जास्त बसायला लागल्या.

ईशा पुढं कला शाखेला गेली. आता वर्ध्याला एका छापखान्यात पुस्तकांची मांडणी करते. खुशीत आहे. मला रोज फोन करते. शालिनीला आठवड्यातून एकदा करते, आणि तो फोन माझ्या फोनपेक्षा लांब चालतो. मी मोजलेला आहे.

या वर्षी शालिनी निवृत्त झाली. निवृत्तीनंतर लोक यवतमाळला नाहीतर नागपूरला फ्लॅट घेतात. हिनं झरीकडच्या एका गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. म्हणाली, "तिथच्या बाया म्हनतात, ये. अंगनवाडीत बसीन, लिवीन. नोकरीत अर्धं काम राहून गेलं." सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, माझं भाषण झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची यवतमाळची गाडी होती, तिथून पुढं पांढरकवडा. ईशा खास निरोपाला दोन दिवस रजा काढून आली होती. तिनं मला विचारलं, मावशीची गाडी किती वाजता?

गाडी दोनची होती. मी चार सांगितलं.

का सांगितलं, तर मला ती शेवटची पंधरा मिनिटं माझ्या मुलीशिवाय हवी होती. ईशा त्या बाईच्या गळ्यात पडून रडेल आणि मी बाजूला पर्स धरून उभी असेन, हे मला बघायचं नव्हतं. साठीला टेकलेली बाई, आणि पोरीशी असं खोटं बोलते. माझं मला कळत होतं. तरी बोलले. पावणेदोनला बाजारातून येते म्हणून निघाले आणि स्टँडवर गेले.

शालिनी खिडकीशी बसली होती. एक पेटी, एक गाठोडं, आणि वह्यांचं बांधलेलं पोतं पायाशी. मी खाली उभी राहिले. औषधं घेतलीस का, पोचल्यावर फोन कर, असं बोलणं झालं. मग मी न विचारताच म्हटलं, "ईशाचं डोकं दुखतंय. उन्हाचं. झोपली आहे."

"हाव," शालिनी म्हणाली.

कंडक्टर चढला. शालिनीनं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवला. "सकाळी फोन आलता तिचा," म्हणाली. "म्हने, मावशी, आईनं चार सांगतले, म्हंजे गाडी नक्कीच आधीची असन. येऊ का? मी म्हटलं, नोको येऊ. आईले येऊ दे एकटीले." घंटी वाजली. गाडी हलली तरी तिचा हात बाहेरच होता. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, हात आत घ्या ना!" तशी तिनं शाळेतल्या मुलीसारखा चटकन हात आत घेतला आणि माझ्याकडे बघून हसली. जिनिंगच्या गेटापाशी गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

मी घरी गेले नाही. तिथल्याच बाकावर बसले. पुसदची एक गाडी आली, दारव्ह्याची आली, माणसं चढली उतरली. तीस वर्षांत जे एकदाही म्हटलं नव्हतं ते सगळं आता म्हणावंसं वाटत होतं, आणि ऐकणारी निघून गेली होती.

चारला पाच कमी असताना ईशा आली. डोळे सुजलेले, केस मात्र नीट विंचरलेले. तिनं रिकाम्या फलाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गेली का गं गाडी?" ती म्हणाली. "मलाच उशीर झाला."

"तुला नाही झाला," मी म्हणाले. "गाडी दोनची होती."

"माहीत आहे," ईशा म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली.